मालवणच्या पाण्याखाली जायचं तर पंचांग बघून जा

मालवणला स्कुबा करायला जाणाऱ्यांचं नियोजन बहुधा एकाच साच्यातलं असतं. शुक्रवारी रात्री मुंबई-पुणे सोडायचं, शनिवारी दुपारी मासळीचं ताट जेवून किनाऱ्यावर यायचं, मिळेल त्या होडीत बसायचं, दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली जाऊन यायचं आणि व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन परत निघायचं. त्यातल्या काहींना खाली खरोखर काहीतरी दिसतं आणि ते वर्षभर त्याबद्दल बोलत राहतात. बाकीच्यांना हिरवट धुक्यापलीकडे काही दिसत नाही, आणि ते 'मालवणात काही नाही, त्यापेक्षा अंदमान बरं' असं सांगत सुटतात. खडक तोच असतो, होडी तीच, बरोबर उतरलेला डायव्हरही तोच. दोघांच्या अनुभवात फरक पडतो तो दिवसाने आणि वेळेने.

या लेखात जागांची माहिती येईलच. पण वेळेबद्दल आधी लिहितो आहे, कारण जागा होडीवाला दाखवतो. वेळ मात्र आपल्याला घरी बसून, रजेचा अर्ज टाकतानाच ठरवावी लागते.

हंगाम, वारा आणि तिथी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत इथलं जलपर्यटन बंद असतं. एक सप्टेंबरला परवानगी पुन्हा सुरू होते, पण परवानगी मिळाली म्हणून पाणी निवळत नाही. पावसाळाभर दक्षिणेकडून कर्ली नदीने आणि उत्तरेकडून कोळंबच्या खाडीने आणलेला गाळ किनाऱ्याजवळच्या पाण्यात तरंगत असतो. तो खाली बसायला दिवाळी उजाडते. दिवाळीत पाणी बरं असतं, पण गर्दी इतकी असते की एका खडकावर चार-चार होड्या नांगर टाकून उभ्या राहतात आणि खालची वाळू ढवळून निघते. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा इथला खरा काळ. त्यातही नाताळचा आठवडा टाळून जानेवारीतला कामाचा वार निवडता आला, तर तो सर्वांत चांगला. मार्चपासून वारा वाढत जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळच्या वेळी अजूनही चांगलं पाणी मिळू शकतं, पण ती खात्री देता येत नाही, आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळे रांगही मोठी असते.

दिवस ठरला की वेळ. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे आपण सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. मालवणात त्यांचा उपयोग होतो. रात्रभर आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे हलकेच वाहतो, त्यामुळे सकाळी पाणी जवळजवळ सपाट असतं. दहा-अकरानंतर जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्रावरून किनाऱ्याकडे येऊ लागतो. दुपारी दोनच्या सुमारास लाटांना शेंडे फुटलेले दिसतात. होडी हलते, पोटात ढवळतं, उथळ पाण्यातली वाळू उठते. पाण्याखाली जायचं असेल तर सकाळी साडेसात ते साडेदहा ही वेळ धरा. 'दुपारी तीनचा स्लॉट मोकळा आहे' असं कोणी सांगितलं, तर तो मोकळा का राहिला असेल याचा विचार करा.

आता पंचांग. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहाला. द्वादशीला नऊला. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसातून दोन भरत्या असल्यामुळे दुसरी साधारण साडेबारा तासांनी. आडाखा ढोबळ आहे. मालवणला भरती त्या वेळेच्या थोडी आधीच येते, तेव्हा अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्या. आता तो मोबाइलवरही मिळतो. पण दोन महिने आधी रजा टाकताना कॅलेंडरवरच्या तिथ्यांवरून दिवस निवडायला आडाखा पुरतो.

भरती बघायची कशासाठी, तर भरतीबरोबर बाहेरच्या समुद्रातलं स्वच्छ पाणी खडकांकडे येतं. सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू झाली की खाड्यांमधलं गढूळ पाणी बाहेर पडू लागतं. म्हणून भरती पूर्ण होण्याआधीचे दोन तास आणि वर पाणी थोडा वेळ ठरतं तो काळ, एवढ्यात खालचं चित्र सर्वांत साफ असतं. शिवाय अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं. पाण्याची चढ-उतार मोठी, ओढ जास्त, ढवळणंही जास्त. अष्टमीनंतर एक-दोन दिवस भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी. या सगळ्याचा मेळ घातला तर दोन्ही पक्षांतल्या दशमी ते द्वादशीच्या सकाळी उत्तम ठरतात. उधाण अजून आलेलं नसतं आणि सकाळी आठ-नऊच्या सुमाराला भरती चढत असते. जानेवारीतली अशी एखादी एकादशी मिळाली आणि आदल्या दोन दिवसांत वारा पडलेला असला, तर मालवणचं पाणी आठ-दहा मीटरपर्यंत दिसू देतं. एरवी तीन-चार मीटर दिसलं तरी समाधान मानावं असे दिवस बरेच असतात, आणि हे आधी माहीत असलेलं चांगलं.

आदल्या संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर चक्कर मारा आणि जाळी नीट करत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा की उद्या पाणी कसं असेल. 'वारो सुटलो की पानी गढूळ होता, सकाळी लवकर जावा,' एवढंच उत्तर मिळेल कदाचित, पण जे मिळेल ते पॅकेजच्या फलकापेक्षा भरवशाचं असेल. रापणीचं जाळं ओढणाऱ्या माणसाचं पोट पाण्याच्या अंदाजावर चालतं.

कुठे काय आहे

मालवणसमोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. ही जागा निवडण्यामागे भोवतीचे पाण्याखालचे खडक हे एक मोठं कारण होतं. वाट माहीत नसलेलं जहाज किल्ल्याच्या जवळ येऊच शकत नव्हतं. शत्रूला अडवणाऱ्या त्याच खडकांवर आज प्रवाळ वाढलेला आहे, आणि मालवणचं जवळजवळ सगळं स्नॉर्केलिंग आणि पहिल्यांदा करायचं स्कुबा किल्ल्याच्या आसपास होतं. १९८७ साली हा भाग मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातला किल्ला आणि शेजारच्या पद्मगडाभोवतीचा तीन चौरस किलोमीटरच्या आसपासचा भाग गाभा क्षेत्र आहे. म्हणजे आपण उतरतो ते अभयारण्यात, ही गोष्ट होडीत बसताना लक्षात असू द्या.

किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी पाच ते दहा मीटर खोल आहे. डायव्हर ज्याला 'किंग्ज गार्डन' म्हणतात ती जागाही याच टापूतली. इथला प्रवाळ माहितीपटात दिसतो तसा झाडाच्या फांद्यांसारखा रंगीबेरंगी नाही. गाळाच्या पाण्यात टिकाव धरलेल्या जाती इथे आहेत: पोराइट्सचे पिवळट-तपकिरी घुमट, टर्बिनेरियाच्या वळलेल्या थाळ्या. दुरून ते नुसते दगड वाटतात. एखाद्या घुमटापाशी हातभर अंतरावर स्थिर राहून बघितलं, तर त्याच्या अंगावर खसखशीच्या दाण्याएवढे खळगे दिसतात, प्रत्येक खळग्यात एक जीव. जवळच कुठे पोपटमाशाने चोचीने खरवडल्याच्या पांढऱ्या खुणा असतात. काळे पट्टे आणि पिवळी पाठ असलेले सार्जंट मासे थव्याने अंगावर येतात, फुलपाखरू मासे जोडीने फिरतात, कपारीत एखादा गोब्रा तोंड उघडं ठेवून बसलेला असतो. आणि आवाज. पाण्याखाली शांतता असेल अशी कल्पना करून गेलेल्याला पहिल्यांदा ऐकू येते ती सतत चाललेली तडतड, फोडणीत मोहरी तडतडावी तशी. खडकाच्या भेगांमध्ये राहणाऱ्या इवल्या कोळंब्या आपली एक नांगी फट्दिशी मिटतात, त्याचा तो आवाज. जिवंत खडक असाच वाजत असतो. डायव्हर हे सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो: खाली गेलात की एकदा श्वास शांत करून कान द्या.

स्नॉर्केलिंगसाठी किल्ल्याच्या कडेचे उथळ खडक चांगले. पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून, रिंग धरून, तोंड पाण्यात घालून तरंगता येतं. भरतीच्या वेळीच जा, कारण सुकतीला खडकावर कमरेएवढंही पाणी उरत नाही. पाय प्रवाळावर पडतात, प्रवाळ तुटतो आणि आपला पायही कापतो. शिवाय कपारींत काळ्या काट्यांचे समुद्री साळिंदर असतात आणि त्यांचा काटा पायात मोडला की सहल तिथेच संपते. चिवला बीच हा शहरालगतचा अर्धचंद्राकृती, तुलनेने शांत किनारा. लहान मुलांना मास्क लावून तोंड पाण्यात घालायची सवय करायला तो बरा. बघण्यासारखं तिथे फार नाही.

तारकर्ली आणि देवबाग इथे राहायला जावं. माडांखालची घरगुती निवासस्थानं, लांब वाळू, सकाळी बाहेरच्या पाण्यात दिसणारे डॉल्फिन, सगळं छान आहे. पण देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथल्या संगमात, 'त्सुनामी आयलंड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाळूच्या पट्ट्याभोवती, पाण्याखाली बघण्याजोगं काही नसतं आणि सुकतीच्या वेळी ओढ जबरदस्त असते. बनाना राइड, जेटस्की, पॅरासेलिंग आणि स्कुबा असं एकत्र पॅकेज तिथे विकलं जातं. माझा सल्ला स्पष्ट आहे: स्कुबा त्या पॅकेजातून वेगळं काढा. पाच खेळांच्या घाईत सहावा म्हणून पाण्याखाली गेलं, तर ना श्वास स्थिरावतो ना नजर ठरते.

दक्षिणेकडे वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात खडकांचा एक समूह आहे. निवती रॉक, वेंगुर्ला रॉक्स, बर्न्ट आयलंड अशी नावं ऐकू येतात. त्यावर दीपगृह आहे आणि खडकांमधल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. इथलं पाणी किनाऱ्याजवळच्या पाण्यापेक्षा खोल आणि स्वच्छ, प्रवाहही तितकाच तेज. डायव्हिंगचं प्रमाणपत्र आणि समुद्रातला थोडा अनुभव असलेल्यांनीच तिथे जावं. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' ही युद्धनौका निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तिथे डायव्हिंगचं ठिकाण करायचा राज्य सरकारचा प्रकल्प आहे. तिकडे जायचं असेल तर निघण्यापूर्वी पर्यटन महामंडळाकडे चौकशी करून घ्या.

आंग्रिया बँकबद्दल लोक नेहमी विचारतात. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं हे पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा माथाही पाण्याखाली वीस मीटरवर आहे. तिथलं पाणी आणि प्रवाळ या दोन्हींची महाराष्ट्रात तोड नाही. पण तिथे पोहोचायला समुद्रावर मुक्काम करू शकणारी बोट, अनुभवी चमू आणि हवामानाची साथ लागते. मालवणच्या किनाऱ्यावर कोणी 'आंग्रिया दाखवतो' म्हणाला, तर त्या माणसापासून दूर राहा.

एकदा मालवण करून झालं आणि गोडी लागली की पुढच्या पायऱ्या जवळच आहेत. गोव्यात वास्कोसमोरचं ग्रँड आयलंड आणि तिथलं बुडालेलं जहाज, आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. नेत्राणीचं पाणी मालवणपेक्षा बरंच स्वच्छ असतं. पण शिकायला मालवण चांगलं: कमी दिसणाऱ्या पाण्यात जो शांत राहायला शिकतो, त्याला पुढे कुठेही अडचण येत नाही.

कोणाबरोबर जायचं

इथे काम करणारे बहुतेक डायव्हर गाबीत समाजातले आणि आसपासच्या गावांतले तरुण आहेत. त्यांचे वडील-आजोबा याच खडकांवर जाळी टाकत. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने सिंधुदुर्गात सागरी जैवविविधतेचा जो प्रकल्प राबवला गेला, त्यात अनेक स्थानिक तरुणांना स्नॉर्केलिंग आणि स्कुबाचं प्रशिक्षण मिळालं. पाण्यातलं त्यांचं कसब निर्विवाद आहे. तरीही होडी निवडताना डोळे उघडे ठेवावे लागतात.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. त्या होडीत वीस जण होते. अपघात पाण्याखाली झाला नव्हता, परतीच्या वाटेवर झाला होता. पर्यटक सगळी भीती पाण्याखालच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवतात आणि होडीत मात्र निर्धास्त बसतात. जॅकेट पायाखाली, मोबाइल हातात. जॅकेट किनाऱ्यावरच घाला, बक्कल लावा, आणि पाण्यात उतरायची वेळ येईपर्यंत काढू नका. वर आल्यावर पुन्हा घाला. मुलांच्या अंगाला मोठ्यांचं जॅकेट बांधून दिलं असेल तर दुसरं मागा. सैल जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

होडीत चढण्यापूर्वी जे विचारायचं ते किनाऱ्यावर उभं राहून, नम्रपणे पण पूर्ण विचारा. दादा, होडीला मेरीटाईम बोर्डाचा परवाना आहे ना? किती माणसं घेणार? माझ्याबरोबर उतरणारा डायव्हर कोण, त्याच्याकडे प्रमाणपत्र कुठलं? एका डायव्हरकडे एकावेळी किती जण? हवा सिलिंडरची की होडीवरून नळीने? प्रथमोपचाराचा ऑक्सिजन होडीवर आहे का? चांगला व्यावसायिक या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट त्याला बरं वाटतं. पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसाबरोबर स्वतंत्र एक डायव्हर हवाच. वयाचंही विचारतील, जगभर मान्य असलेली किमान मर्यादा दहा वर्षांची आहे, आणि आठ वर्षांच्या मुलाला 'चालतं हो' म्हणत कोणी खाली न्यायला तयार झाला, तर आपण नाही म्हणावं. घासाघीस जेवणाच्या ताटावर करावी, इथे करू नये. कमी पैशात न्यायचं म्हटलं की त्याला त्याच वेळेत जास्त माणसं खाली न्यावी लागतात.

ज्यांना पंधरा मिनिटांपलीकडे जायचं आहे त्यांच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कुबा डायव्हिंग अँड अॅक्वाटिक स्पोर्ट्स' आहे. लोक तिला 'इस्दा' म्हणतात. डायव्हिंग शिकवण्यासाठी मुद्दाम बांधलेला आठ मीटर खोल तलाव तिथे आहे. समुद्रात उतरण्यापूर्वी मास्कमध्ये शिरलेलं पाणी खालीच कसं काढायचं, तोंडातून सुटलेली श्वासाची नळी परत कशी पकडायची, हे स्थिर पाण्यात शिकता येतं. ओपन वॉटर हा पहिला अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो. त्यात समुद्रातले चार डाइव्ह असतात आणि तो पूर्ण केल्यावर जगात कुठेही जोडीदाराबरोबर अठरा मीटरपर्यंत उतरता येतं. मालवणला चार दिवस राहणार असाल, तर पाच-सहा ठिकाणी फिरण्याऐवजी हे करा. माझ्या मते या किनाऱ्यावर पैसे खर्च करण्याजोगी याहून चांगली दुसरी गोष्ट नाही.

उतरताना

सकाळी हलकं खा. घावणं-चटणी आणि चहा चालेल. वडे-सागोती परत आल्यावर. आदल्या रात्री दारू नको, आणि होडी लागत असेल तर त्यावरची गोळी निघण्यापूर्वी अर्धा-एक तास, डॉक्टरांना विचारून. आरोग्याचा फॉर्म भरायला देतील, तो खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, फुप्फुसाचा जुना आजार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर स्कुबा करू नये. वर तरंगत स्नॉर्केलिंग करायचं तर तेही डॉक्टरांना विचारून. साधी सर्दी असेल तर तो दिवस सोडा. नाक बंद असलं की कानातला दाब सारखा करता येत नाही.

सगळा खेळ या कानाचाच आहे. दहा मीटरवर आपल्यावरचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, आणि कानाला तो पहिल्या दोन मीटरमध्येच जाणवू लागतो. नाक चिमटीत धरून, तोंड बंद ठेवून, हलकेच हवा बाहेर ढकलायची. कानात बारीक टक् असा आवाज येतो आणि बरं वाटतं. हे दुखायला लागल्यावर करायचं नसतं. डोकं पाण्याखाली गेल्यापासून दर अर्ध्या मीटरला करत राहायचं. दुखलं तर थोडं वर यायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा, जोर लावायचा नाही. बरोबरचा डायव्हर तुम्हाला धरून खाली नेत असतो. तुमचा कान दुखतोय हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. हात आडवा हलवून कानाकडे बोट दाखवा, तो थांबेल.

खुणांमध्ये एक गोष्ट हमखास चुकते. खाली सुंदर काही दिसलं की आपण सवयीने अंगठा वर करतो. डायव्हरच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर न्या', आणि तो इमानदारीने वर घेऊन जातो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते; ती कोंडून ठेवली तर उथळ पाण्यातही इजा होऊ शकते. तोंडाने सावकाश आत, सावकाश बाहेर. होडीला लावलेल्या लोखंडी शिडीवर उभं राहून, नुसतं तोंड पाण्यात घालून, पाच मिनिटं हा श्वास घ्यायला मिळावा असा आग्रह धरा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की हे आपल्याला जमणार नाही. शरीराला तोंड पाण्यात असताना श्वास घ्यायची सवय नसते, इतकंच. शिडीवर ती भीती उतरली की खाली जायला त्रास होत नाही. शिडीवर उतरली नाही तर त्या दिवशी खाली जाऊ नका, आणि पैसे गेले म्हणून हळहळू नका.

मास्कचा पट्टा न लावता तो नुसता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. चिकटून राहिला तर मापाचा आहे. मिशी असेल तर मिशीवर थोडं व्हॅसलीन. केस घट्ट बांधा, कपाळावरची बट मास्कखाली अडकली की तिथून पाणी झिरपतं. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून या. पाठ उन्हाने भाजू नये म्हणून क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घाला. क्रीम पाण्यात उतरतं आणि खडकावर जातं.

आणि त्या खडकाशी आपण कसं वागतो याबद्दल. काही होड्यांवर पर्यटकांच्या हातात बिस्किटं किंवा पाव देतात. चुरा सोडला की मासे चेहऱ्याभोवती गोळा होतात आणि व्हिडिओ छान येतो. हे करू नका, आणि बरोबरच्या डायव्हरला वर असतानाच सांगून ठेवा की मला हे नको. खडकावरचं शेवाळ कुरतडून प्रवाळाला मोकळं ठेवणं हे या माशांचं काम आहे. पावाची चटक लागलेले मासे ते सोडून होडीच्या नांगराखाली घोटाळत राहतात. प्रवाळाला हात लावू नका, फोटोसाठी त्यावर उभं राहू नका, होडीचा नांगर वाळूत टाकायला सांगा. प्रवाळाचा तुकडा उचलून आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. प्रवाळ वाघाबरोबर पहिल्या अनुसूचीत आहे. पर्यटक मागतात म्हणून हे प्रकार चालतात. पर्यटकांनी नको म्हटलं तर ते बंद करायला डायव्हरला एक मिनिटही लागणार नाही, कारण उद्या त्यांच्या मुलांनाही याच खडकावर पोट भरायचं आहे.

समुद्रात काही विपरीत घडलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक मोबाइलमध्ये आधीच घालून ठेवा.

परत निघण्यापूर्वी

ही गोष्ट मालवणात क्वचितच कोणी सांगतं. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्यापूर्वी माणूस उंचीवर गेला, म्हणजे हवेचा दाब कमी असलेल्या ठिकाणी गेला, तर त्या वायूचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. विमानाबद्दल हे अनेकांना ठाऊक आहे: एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि अनेक डाइव्ह केले असतील तर किमान अठरा तास विमान टाळायचं. पण मालवणहून पुण्याला किंवा कोल्हापूरला परतताना आपण फोंडा, करूळ किंवा आंबोलीचा घाट चढतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, पुणे-कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास. डायव्हिंगच्या हिशोबात तीनशे मीटरच्या वरची उंची ही उंचीच धरतात.

पाच-सहा मीटरवर दहा-पंधरा मिनिटं जाऊन आलेल्या माणसाच्या अंगात नायट्रोजन अगदी थोडा साठतो, त्याने घाबरून जायचं कारण नाही. तरी घाट दुसऱ्या दिवशी चढावा हे बरं. ओपन वॉटरचे शेवटचे दोन डाइव्ह दुपारी आटोपून संध्याकाळी गाडी काढणं मात्र अजिबात करू नका. ती रात्र मालवणातच काढा. पाण्यात जायचा कार्यक्रम सहलीच्या पहिल्या सकाळी ठेवला की हे आपोआप जमतं, आणि पाणी गढूळ निघालं तर दुसरी सकाळही हाताशी राहते. किल्ला, तिथलं शिवराजेश्वराचं मंदिर, बाजारातलं कोकम आणि खाजं यांना मधली दुपार पुरते. मोपा किंवा चिपीहून विमान असेल तर तिकीट स्कुबाच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं काढा. कोकण रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांना हा प्रश्न येत नाही. त्यांनी कुडाळहून रात्रीची गाडी धरली तरी चालेल.